मसल कार, बेटकुळी आणि एक उंदीर

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. मुलाला मराठी शाळेच्या प्रकल्पात मसल कारवर लिहायचंय. एका ठिकाणी तिला स्नायुयान म्हटलेलं वाचलं. ते बरोबर आहे का? आणि मस्टँगला मसल कार म्हणायचं की नाही?'

स्नायुयान! हा शब्द ज्यांनी पाडला त्यांनी गाडीचं बॉनेट कधी उघडलं नसावं, आणि कोशही नाही. त्यांच्याकडे वळतोच, पण आधी दुसरा राग काढून टाकतो. हल्ली आपल्याकडे कुठल्याही गाडीचं वर्णन 'मस्क्युलर लूक'शिवाय पुरं होत नाही. टायर जाड, नाक उंच, मडगार्डवर चार काळे प्लॅस्टिकचे तुकडे, की झाली ती मसल कार. परवा एकानं सात माणसांच्या डिझेल गाडीला मसल कार म्हटलं. ज्या गाडीत आजी, नातवंडं आणि लोणच्याची बरणी मावते ती मसल कार नव्हे. अंगानं रुंद असलेला प्रत्येक जण पैलवान असतो का?

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, साधीसुधी, दोन दारांची अमेरिकन गाडी. तिच्या पोटात थोरल्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन कोंबलेलं, ताकद मागच्या चाकांना, आणि किंमत नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला झेपेल एवढी. ही व्याख्या 1964च्या पाँटिअ‍ॅक जीटीओवर बेतलेली आहे. त्याआधीही अशा गाड्या निघाल्या होत्या, पण घराण्याचं नाव चाललं ते हिचं. पाँटिअ‍ॅक ही जनरल मोटर्सची शाखा, आणि जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत 330 घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकचा मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्याच्या साथीदारांनी पळवाट काढली. वेगळी गाडी काढायचीच नाही. टेम्पेस्ट नावाच्या सरळमार्गी गाडीवर सुमारे 295 डॉलरचा एक 'ऐच्छिक संच' द्यायचा, आणि त्या संचात 389 घन इंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं, इंजिन! नियम गाडीबरोबर मुळात येणाऱ्या इंजिनाचा होता. ऐच्छिक संचात काय असावं याबद्दल तो गप्प होता. विक्रीखात्यानं भीतभीत पाच हजार गाड्यांना होकार दिला. पहिल्या वर्षात 32,450 खपल्या. तीन कार्ब्युरेटरवाली घेतली तर कागदावर 348 अश्वशक्ती.

गंमत म्हणजे त्या काळची मासिकं यांना बहुतेक वेळा 'सुपरकार' म्हणत. 'मसल कार' हे नाव मागाहून रुळलं.

आता स्नायू. आमचे एक कोशप्रेमी स्नेही ठासून सांगतात की मसल म्हणजे स्नायू, विषय संपला. संपला कसा? सुश्रुतानं शरीरात 900 स्नायू मोजलेत आणि 500 पेशी. हे दोन हिशेब वेगळे आहेत. त्याचा स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा दोर, आणि मांसाचा गोळा म्हणजे पेशी. बंगालीत स्नायू म्हणजे आजही मज्जातंतू. स्नायूचा भाऊबंद ग्रीकमध्ये शोधाल तर 'न्यूरॉन' सापडेल. तेव्हा स्नायुयान म्हणजे फार तर नसांच्या डॉक्टरांची रुग्णवाहिका. मराठीत स्नायू शब्द मांसाकडे सरकला हे मला मान्य आहे, रोजच्या बोलण्यात मीही तो तसाच वापरतो. पण नवा शब्द पाडायला बसलात तर मुळाशी जा ना!

आणि मुळाशी काय आहे? उंदीर! लॅटिन 'मुस' म्हणजे उंदीर, 'मुस्क्युलस' म्हणजे उंदीरमामांचं पिल्लू. दंड वाकवला की कातडीखालून काहीतरी सुळकन पळतं, ते कुणा रोमनाला उंदरासारखं दिसलं. ग्रीकांचंही तेच, उंदीर आणि मांसाचा गोळा दोन्हींना एकच शब्द. आपला मूषक याच घराण्यातला. संस्कृतात याच्याच वळणावर 'मुष्क' घडला. त्याचा अर्थ मात्र कोशात बघावा, इथे लहान मुलाचा प्रकल्प चालू आहे.

आता खरा आनंद. शेव्हरोलेचं 1955चं लहान व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन अमेरिकेच्या गॅरेजांत काय नावानं ओळखलं जातं? 'माउस'. आणि 1965पासून आलेलं 396 घन इंचांचं थोरलं? 'रॅट', म्हणजे आपली घूस. ग्रीसनं माखलेल्या त्या मेकॅनिकांना लॅटिनशी काय देणंघेणं? तरी मसलच्या पोटात त्यांनी बरोबर उंदीर नेऊन सोडला. हा योगायोग आहे हे मला ठाऊक आहे. कृपया पत्रं पाठवू नका.

माझं आवडतं मत याच्याही पुढे जातं. 'मुष्' म्हणजे चोरणे, त्यावरून मूषक म्हणजे चोर, असं आपल्याकडे परंपरेनं सांगतात. एक पंडित मला म्हणाले, ही नंतर जुळवलेली व्युत्पत्ती आहे, उंदीर आधी, चोरी मागून. असेल. पण लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी पंडितजींनी स्वतःच्या पैशांनी चालवून बघावी आणि मग सांगावं, मसलमध्ये चोर आहे की नाही. 1973मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं, त्या तेलबंदीनं या जातीचा घात केला असं सगळे लिहितात. ते अर्धंच खरं. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते आधीच चढवले होते, धुराचे नियम आले होते, 1971पासून इंजिनांचा दाब उतरवला गेला होता. तेलबंदी आली तेव्हा पेशंट खाटेवरच होता. 1974चं मॉडेल ही त्या मूळ जीटीओची शेवटची आवृत्ती.

चोर म्हटलं तरी लोभस चोर. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टातल्या एका शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे फूटपाथवर घडीच्या खुर्चीत मी एक दुपार काढली आहे. सिग्नलला 1970ची एक शेव्हरोले शेव्हेल थांबली होती, पोटात घूस. डग... डग-डग... डग, असा अडखळता आवाज; तो कानाआधी खुर्चीच्या नळीतून मांडीला लागत होता. चालकानं जागच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबला, तर अख्खी गाडी एका अंगावर कलंडून परत आली, मानेवर माशी बसलेल्या बैलासारखी. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं, त्याचा पीळ सगळ्या सांगाड्याला बसतो, म्हणून हे घडतं. मागे अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास. बाजूचे आजोबा डोळे मिटून तो हुंगत होते.

तेव्हा शब्द. रोमनांना दंडात उंदीर दिसला, मराठी माणसाला काय दिसलं? बेडूक! बेटकुळी. काही ठिकाणी बेडकुळीही म्हणतात, आणि त्यात बेडूक बसलेला स्पष्ट दिसतो. तो नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांनी शाळेत कधी दंड फुगवून दाखवला नसावा. आम्ही दाखवायचो, दुसऱ्या हाताची मूठ दंडामागे दडवून बेटकुळी पुढे ढकलायची, म्हणजे दुप्पट दिसते. 1964च्या जीटीओच्या बॉनेटवर हवा आत घ्यायला दोन झरोके आहेत ना, ते तसलेच. नुसते दाखवायचे, मागून बंद. मूठ दडवलेली बेटकुळी!

मुलाला सांगा, मथळ्यात 'मसल कार' खुशाल लिही, ती मराठीत बसली आहे. कंसात काही हवंच असेल तर 'बेटकुळीची गाडी' लिही. बाई नापास करणार नाहीत.

हो, मस्टँग राहिलीच. 1964च्या एप्रिलात ती आली ती साध्या आवृत्तीत सहा सिलिंडरचं 101 अश्वशक्तीचं इंजिन घेऊन. ती 'पोनी कार', म्हणजे तट्टू. तो वर्गच तिच्यावरून ओळखला जातो. पुढे 428 घन इंचांचं इंजिन घातलेल्या मस्टँगला मसल म्हणा, माझी हरकत नाही. पण नाव बघा: स्पॅनिश 'मेस्तेन्यो', म्हणजे मालक नसलेलं, कळपात मिसळलेलं भटकं जनावर. त्याच्या मुळाशी लॅटिन 'मिक्स्टा', आणि तो आपल्या 'मिश्र'चा चुलतभाऊ. कोंडवाड्यात सापडावं असलं जनावर. प्रकल्पात तिच्यासाठी वेगळं पान ठेवा.