आधीचा आणि नंतरचा सारखाच दिसतोय की!

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. तुम्हाला मुलीसाठी फोटो एडिटिंगचा एखादा चांगला ऑनलाइन कोर्स हवाय, शक्यतो फोटोशॉपचा, सर्टिफिकेट मिळणारा आणि तीन महिन्यांत संपणारा. कारण ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सारखी ट्यूटोरियल्स बघत असते, एक अर्धवट सोडून दुसरं लावते, आणि तीन महिन्यांत काही हाताला लागलं नाही तर लॅपटॉप बंद असं घरात ठरलंय. कोर्सचं सांगते, पण नंतर. मला खटकली ती तुमच्या पत्रातली मधलीच ओळ, जी तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीय. तिचे बाबा रोज रात्री विचारतात, आज काय शिकलीस, दाखव. एकदा तिने दोन तास बसून केलेला मैत्रिणीचा फोटो दाखवला तर म्हणाले, आधीचा आणि नंतरचा सारखाच दिसतोय की, दोन तास काय करत होतीस? तेव्हापासून ती दाखवतच नाही.

ताई, मी तो फोटो पाहिलेला नाही, पण सारखाच दिसत होता म्हणजे पोरीने काम चांगलं केलं असण्याची शक्यता बरीच आहे.

नुसता एक चेहरा घ्या. घरात काढलेल्या फोटोत एका गालावर ट्यूबलाइटची हिरवट झाक असते आणि दुसऱ्या गालावर खिडकीतला निळसर उजेड, त्यामुळे अख्ख्या फोटोचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बदलून काही होत नाही, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. मग कर्व्हजची, म्हणजे उजेड आणि रंग कमीजास्त करणारी, वेगळी लेयर (फोटोवर ठेवलेला थर) घ्यायची, हिरवा थोडा खाली ओढायचा, तिला मास्क, म्हणजे थराचा नको तो भाग झाकणारा पडदा, लावून सगळी झाकून टाकायची आणि मऊ ब्रशने, ओपॅसिटी, म्हणजे ब्रशचा दाटपणा, अगदी कमी ठेवून, फक्त त्या गालापुरती हळूहळू उघडायची. केसांजवळ आलं की हात आखडता घ्यायचा कारण तिथे जरा जास्त झालं की केसांना गुलाबी-जांभळी किनार येते. मग हीलिंग ब्रशने, म्हणजे आजूबाजूची त्वचा घेऊन डाग बुजवणाऱ्या ब्रशने, पुरळ काढायचं पण त्वचेचा पोत ठेवायचा, तीळ ठेवायचा कारण तो त्या माणसाचाच आहे. हे सगळं जमलं की बघणारा म्हणतो, छान आलाय फोटो. एडिट केलाय हे त्याच्या लक्षातही येत नाही, आणि यालाच चांगलं रिटचिंग म्हणतात.

आता हे काम रोज रात्रीच्या हजेरीला कसं दाखवणार? हजेरीला चालतं ते झटकन डोळ्यांत भरणारं, ढगाळ आकाशाच्या जागी लालभडक संध्याकाळ, मागची भिंत उडवून डोंगर, गोऱ्यापान प्लास्टिकच्या बाहुलीसारखा चेहरा. असली ट्यूटोरियल्स ढिगाने मिळतात, पटकन बघून होतात, आणि निदान 'आज तीन व्हिडिओ बघितले' असं सांगता तरी येतं. म्हणजे ती एका गोष्टीवर टिकत नाही अशी जी तुमची तक्रार आहे ना, त्यात मोठा वाटा या रोजच्या तपासणीचा आहे. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. हळू होणारं, न दिसणारं काम करायला वेळ आणि थोडी खासगी जागा लागते, अर्धवट वाईट दिसणारा फोटो चार दिवस तसाच पडू द्यावा लागतो, आणि तुमच्या घरात सध्या तेवढी सवलत तिला नाही. आधी हे बंद करा. तुमच्या मिस्टरांना सांगा, महिनाभर काही विचारायचं नाही. तिने आपणहून दाखवलं तर 'काय केलंस' पेक्षा 'कुठे केलंस ते दाखव' असं म्हणा, म्हणजे ती लेयर बंद-चालू करून दाखवेल आणि तेव्हा तुम्हालाही फरक दिसेल, खरंच दिसेल.

आता सर्टिफिकेट. बहुतेक पालकांचा हाच एक गैरसमज असतो की सर्टिफिकेट मिळालं म्हणजे शिकली, आणि सर्टिफिकेटशिवाय कोणी काम देणार नाही. बऱ्याच ऑनलाइन कोर्समध्ये शेवटचा व्हिडिओ संपला की ते आपोआप तयार होतं, म्हणजे ते फक्त व्हिडिओ चालले याचा पुरावा असतं, लॅपटॉप सुरू ठेवून ती झोपली असती तरी मिळालं असतं. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीची स्वतःची परीक्षा देऊन मिळणारं सर्टिफिकेट आहे, ते जरा वजनदार, पण ते नंतर बघता येईल, सुरुवात तिथून करायची गरज नाही. फोटोग्राफर, स्टुडिओ, प्रॉडक्टचे फोटो करून देणाऱ्या कंपन्या काय बघतात, तर काम. बऱ्याच ठिकाणी सरळ एखादी फाइल देतात आणि म्हणतात करून दाखव. तेव्हा कागद कामाला येत नाही, लेयरची फाइल उघडल्यावर आत किती शिस्त आहे ते दिसतं, मूळ फोटोची लेयर शाबूत ठेवलीय की तिच्यावरच रंगरंगोटी केलीय, मास्क वापरलाय की खोडरबराने पुसून टाकलंय. दहा-बारा नीट केलेल्या फाइल्स, मूळ फोटोसकट, एवढा पोर्टफोलिओ कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा भारी.

'ए टू झेड' कोर्सच्याही मागे लागू नका. फोटोशॉप 1990 पासून वाढत आलंय, त्यात छपाईवाल्यांसाठी, वेबवाल्यांसाठी, पेंटिंगवाल्यांसाठी काय काय भरलंय, सगळं वापरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. फोटोसाठी लेयर, मास्क, कर्व्हज, सिलेक्शन (फोटोतला हवा तेवढाच भाग निवडणं), हीलिंग आणि क्लोन (एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणं), रंगाची थोडी समज, एवढं पक्कं झालं की बाकीचं गरज पडेल तसं शिकता येतं. लेयर 1994 मध्ये आल्या आणि कल्पना आजही तीच आहे, म्हणून मास्कवरचं दहा वर्षं जुनं ट्यूटोरियलसुद्धा खुशाल बघावं. सिलेक्शनचं मात्र जुनं बघू नये, कारण 2018 मध्ये फोटोतला मुख्य विषय आपोआप निवडणारं सिलेक्ट सब्जेक्ट आलं, 2023 मध्ये निवडलेली जागा एआयने भरून देणारं जनरेटिव्ह फिल आलं, आणि आधी तासभर खाणारी कामं आता एका बटणावर होतात. यातच तिला कामाची एक दिशाही कळेल, नुसतं बॅकग्राउंड कापून देण्यावर आता पोट भरणार नाही, मशीनने कापल्यावर केसांची कड जिथे फसते तिथे हात लावता आला पाहिजे.

आता कुठून शिकायचं ते. मैत्रिणीकडून आणलेलं क्रॅक केलेलं फोटोशॉप आहे असं तुम्ही लिहिलंय, ते आधी काढून टाका, त्यासोबत लॅपटॉपमध्ये काय काय शिरतं ते कळतही नाही. पैसे न घालता शिकायचं तर गिंप आहे, पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स, आणि ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, त्यात फोटोशॉपच्या फाइल्ससुद्धा उघडतात आणि मांडणी जवळपास तशीच असल्यामुळे उद्या फोटोशॉप घेतलं तर बिचकायला होत नाही. रॉ फाइल्ससाठी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइल्ससाठी, डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही मोफत. गिंप आणि डार्कटेबल दोन्हींचं मॅन्युअल ऑनलाइन आहे आणि चांगलं आहे, लोक मॅन्युअल वाचत नाहीत हा वेगळा विषय. रंग, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड आला ते), हिस्टोग्राम (त्या उजेड-काळोखाचा आलेख) हे मुळातून समजायला केंब्रिज इन कलर ही साइट आहे, ती कुठल्याच सॉफ्टवेअरला चिकटलेली नाही म्हणून मला आवडते. व्हिडिओच बघायचे तर पिक्सिम्परफेक्ट हे चॅनेल, कारण तिथे कुठला स्लायडर किती यासोबत का, हेही सांगितलेलं असतं. कुठल्याही ट्यूटोरियलची पारख करायला मी हेच वापरते. शिकवणारा नुसतं 'इथे 35 ठेवा' म्हणत असेल आणि 35 च का ते सांगत नसेल तर ते 35 त्याच्या फोटोचं आहे, तिच्या फोटोला लागू होईलच असं नाही.

सरावाला फोटो कुठले, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही पण खरा प्रश्न तोच आहे. फोनवरच्या जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या असतात, आकाश थोडं ओढलं की पट्टे दिसायला लागतात आणि मुलीला वाटतं आपलंच चुकलं. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच 16,384 असतात, म्हणून तिला रॉ मिळू देत. पिक्सल्स डॉट यूएस (pixls.us) या साइटवर प्लेरॉ नावाचा विभाग आहे, तिथे कोणीतरी आपली रॉ फाइल देतो आणि बाकीचे ती आपापल्या पद्धतीने करून दाखवतात, बरेच जण कसं केलं तेही देतात. एकाच फोटोचे सात अवतार शेजारी शेजारी बघितले की 'बरोबर उत्तर' शोधायचा नाद सुटतो. जुने फिकटलेले, ओरखडे पडलेले फोटो दुरुस्त करायचे असतील तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मोठ्या साइझचे स्कॅन उतरवून घेता येतात. आणि सगळ्यात आधी तुमच्याच अल्बममधला एखादा पिवळा पडलेला फोटो तिच्या हातात द्या, मुदत न घालता. तिच्या बाबांचा लहानपणचा असेल तर फारच उत्तम, मग बाबा निदान फोटो नीट बघतील तरी.

एका वेळी एकच शिकवणारा आणि एकच फोटो, तो पूर्ण होईपर्यंत दुसरं ट्यूटोरियल नाही, एवढा नियम तिने स्वतःला घालावा, तुम्ही घालू नये. डिझाइनच्या प्रवेश परीक्षांचं तुम्ही शेवटी विचारलंय, त्यात रेखाटन आणि निरीक्षण तपासतात, सॉफ्टवेअर येतं का ते बहुतेक ठिकाणी बघत नाहीत, आणि तिने तरी तिकडे जायचंय असं कुठे म्हटलंय?

तीन महिन्यांची अट काढून टाका. अभ्यास बुडतोय असं खरंच दिसत असेल तर अभ्यासाबद्दल वेगळं बोला, त्यासाठी लॅपटॉपला शिक्षा कशाला.

एक छोटं काम मात्र आजच तिला सांगा. लॅपटॉपवर रात्री स्क्रीन पिवळट करणारं सेटिंग चालू असेल तर एडिटिंग करताना ते बंद ठेवायचं, ब्राइटनेस पूर्ण वर न ठेवता मध्यम आणि रोज तेवढाच ठेवायचा, आणि फोटो बाहेर काढताना एसआरजीबी या बहुतेक स्क्रीनवर चालणाऱ्या रंगपद्धतीतच काढायचा. नाहीतर लॅपटॉपवर नीट दिसणारा चेहरा बाबांच्या फोनवर निळा दिसणार आणि परत सगळं तिच्यावरच येणार.