व्हर्च्युअल टेप नव्याने हाताळताय? आधी एवढं सांभाळा

व्हर्च्युअल टेप म्हणजे बॅकअप सॉफ्टवेअरला खऱ्या टेपसारखी दिसणारी, पण प्रत्यक्षात डिस्कवर असलेली साठवण. तिच्या ट्यूनिंगच्या (वेगासाठी सेटिंग्ज बदलत बसण्याच्या) मागे लगेच लागू नका. आधी बॅकअप सॉफ्टवेअरमधलं कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन आणि मल्टिप्लेक्सिंग (अनेक बॅकअप एकाच टेपवर मिसळून लिहिणं) बंद करा. नाहीतर डीडुप्लिकेशनला (तोच डेटा एकदाच साठवण्याच्या सोयीला) एकसारखे तुकडे सापडत नाहीत आणि जागा भराभर संपते. एन्क्रिप्शन हवंच असेल तर ते अप्लायन्सवर, म्हणजे या टेप जिथे साठतात त्या यंत्रावर, करा.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते इथे: टेप एक्स्पायर झाली (तिच्यावरच्या बॅकअपची मुदत संपली) म्हणजे जागा सुटली असं नाही.

- टेप पुन्हा लेबल होईपर्यंत किंवा तिच्यावर नवं लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा तसाच राहतो.
- त्यानंतरही अप्लायन्सवरचं क्लीनिंग (नको झालेला डेटा काढून जागा मोकळी करणं) पूर्ण व्हावं लागतं. ते बॅकअपच्या वेळेत ठेवू नका.

टेप लहान आकाराच्या बनवा. मोठ्या टेपवर एकच बॅकअप शिल्लक असला तरी अख्खी टेप अडकते. अधूनमधून रिस्टोअर करून बघाच, हे मी आग्रहाने सांगतो. ब्लॉक साइज, ड्राइव्हची संख्या वगैरे नंतर बघू.