ओहळ आटल्यावर

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नोकरीच्या परीक्षेचा अर्ज भरू की नको, हा एकच प्रश्न पत्रात तू फिरवून फिरवून विचारला आहेस, म्हणून आधी उत्तर देऊन टाकते आणि मग बोलते. अर्ज भर. 'देवावर भरवसा असेल तर एवढी धडपड कशाला, वेळ आली की नोकरी चालत येईल' असं ज्यांनी घरगुती प्रार्थनेत तुला सुनावलं, ते मनाने चांगले आहेत. पण त्यांचा स्वतःचा मुलगा धारवाडला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला आहे, तेवढं ध्यानात ठेव.

त्यांनी तुला आकाशातल्या पाखरांचा दाखला दिला. मत्तयाचा सहावा अध्याय. पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गातला पिता त्यांना खाऊ घालतो. खरंच आहे. पण तू खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. भाताचा दाणा भरायला लागला की पाखरं किती वेळ घरट्यात बसून असतात, हे मी तुला सांगायला नको. देव त्यांना खाऊ घालतो, ती उजाडायच्या आत शेतात हजर असतात. येशूने चिंता करू नका म्हटलं. काम करू नका असं तो कुठेच म्हणाला नाही. तो सुताराच्या घरात वाढला, आणि पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता.

आणि ते शब्द ऐकायला समोर बसले होते कोण? गालीलातले कोळी, रोजंदार, रोमी कराखाली वाकलेले शेतकरी. म्हणून त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत मागणं आहे ते आजच्या भाकरीचं, वर्षाच्या धान्याचं नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांना मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. हजार भरले तर आजची चूल पेटली, नाही भरले तर दुकानात उधारी. 'आजची भाकर आज दे' याचा अर्थ त्यांना सांगायला चर्चचा पाळक लागत नाही. पहिल्या तारखेला खात्यात पेन्शन जमा होणाऱ्या माझ्यासारखीला ती ओळ तोंडपाठ असते, अंगी लागायला मात्र उशीर लागतो.

पगारातून दर महिन्याला सोसायटीत थोडे पैसे टाकतो, हा अविश्वास तर नाही ना, असंही तू विचारलं आहेस. निर्गमाचा सोळावा अध्याय पुन्हा वाच. रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना देव खायला मान्ना द्यायचा, तो त्या दिवसापुरता. ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि घाण सुटली. संडे स्कूलमध्ये आपण एवढंच शिकवतो आणि थांबतो. पुढे लिहिलंय की सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, कारण सातव्या दिवशी मिळणार नव्हता, आणि तो ठेवलेला मान्ना नासला नाही. जे सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर पडले ते हात हलवत परतले. मिसरात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, म्हणून पुढे दुष्काळात त्याचं सगळं घराणं जगलं. तेव्हा सोसायटीतले पैसे राहू देत. त्या पासबुकाकडे बघूनच तुला रात्री झोप लागायला लागली, तर मला पुन्हा पत्र लिही.

पण तुझ्या मनातला काटा हा नाहीच. तो पत्राच्या शेवटी आहे, घाईने लिहिलेल्या चार ओळींत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, घरचं भात पावसाने पुन्हा आडवं केलं, उपासप्रार्थना करूनही एकेक दार बंद होतंय. म्हणजे देवाने लक्ष काढून घेतलं का, की माझाच विश्वास कमी पडला?

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय घे. देशात दुष्काळ. देव एलीया संदेष्ट्याला करीथ ओहळाकाठी लपायला सांगतो. कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देतात, ओहळाचं पाणी तो पितो. लहान मुलांच्या चित्रात एवढंच असतं. त्याच्या पुढचं वचन चित्रात येत नाही: काही दिवसांनी ओहळ आटला, कारण देशात पाऊस नव्हता. देवाने स्वतः दाखवलेला ओहळ! एलीयाच्या हातून काही पाप घडलं असं तिथे लिहिलेलं नाही. त्याचा विश्वास कमी पडला असंही नाही. पाऊस नव्हता, म्हणून पाणी आटलं. आणि देवाने तो ओहळ पुन्हा वाहता केला नाही. त्याने एलीयाला उठून जायला सांगितलं.

कुठे जायला सांगितलं ते बघ. सारफथला, सीदोनच्या मुलखात, इस्राएलच्या हद्दीपलीकडे. संदेष्ट्यांच्या जिवावर उठलेली ईजबेल राणी त्या सीदोनी राजाचीच मुलगी. म्हणजे वैरिणीच्या माहेरात, वेगळा देव मानणाऱ्या लोकांत. तिथेही कुणा सावकाराच्या वाड्यावर नाही, तर वेशीपाशी काटक्या वेचणाऱ्या एका विधवेकडे, जिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल उरलंय. ती सांगते, एवढ्याची भाकर करून मी आणि माझा मुलगा खाऊ आणि मग मरू. अशा बाईपुढे एलीयासारख्या माणसाला हात पसरावा लागला. पुढे त्या घरातलं पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही. मात्र मडकं काठोकाठ भरलं असंही कुठे लिहिलेलं नाही. मला तर वाटतं त्या बाईला रोज सकाळी मडक्यात हात घालताना धाकधूक होतच असेल. धाकधूक होते म्हणून विश्वास नाही, असं समजू नकोस.

ही गोष्ट येशूने नासरेथच्या सभास्थानात काढली. इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं ते सीदोनातल्या बाईकडे, एवढंच तो म्हणाला, आणि वर सूरियाच्या नामानाचं नाव घेतलं, कोडातून बरा झालेला तोही परकाच सेनापती. लोक इतके भडकले की त्याला डोंगराच्या कड्यावरून ढकलून द्यायला निघाले. लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. देवाचं देणं कुणाच्या हातून यावं, याबद्दल माणसांची मतं फार पक्की असतात.

आपल्या सीमाभागात तर विचारूच नकोस. १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सव असतो आणि शेजारच्या गल्लीत काळा दिवस. तू लिहिलंस की परीक्षेला कन्नडचा पेपर सक्तीचा आहे आणि तो अभ्यास करताना घरच्यांशी दगा केल्यासारखं वाटतं. बाळा, सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुझं कन्नड त्यात पुरावा म्हणून कुणी दाखल करणार नाही. मराठी तुझी आहे, ती कुणी काढून घेत नाही. प्रार्थना मराठीतच कर, मीही मराठीतच करते, दुसऱ्या भाषेत मला देवाशी नीट भांडता येत नाही. पण तुझी वाट जर सारफथवरून जाणार असेल, तर सारफथची बोली शिकायची लाज कसली?

आपल्या चर्चच्या मंडळीचंच बघ ना. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले. परका माणूस, छावणीचं गाव, नाना भाषांचे लोक. त्यांना येऊन मिळालेल्या बेनन यांचं नाव अजून बेनन-स्मिथ हायस्कूलच्या पाटीवर आहे. आज याच शहरात रविवारी कुठे कन्नड, कुठे मराठी, कुठे कोकणी उपासना चालते. एका घराण्याची, एका बोलीची अशी आपली मंडळी कधीच नव्हती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच पात्राबाहेर आल्या, शाळाशाळांतून गंजी केंद्रं, म्हणजे पूरग्रस्तांना जेवण देणारी केंद्रं उघडली. तिथल्या पंगतीत वाढणारा कुठल्या भाषेत 'अजून घ्या' म्हणतोय, हे बघून पान मागे सारणारा कुणी होता का?

आता त्या 'विश्वास कमी पडला' याबद्दल. हे वाक्य मला मुळीच आवडत नाही, आणि दुःखात असलेल्या माणसाला ते ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्या साक्षीच्या सभेत उभं राहतं कोण? ज्याला नोकरी लागली, जिचा आजार बरा झाला, ज्यांचं घर बांधून झालं. ज्यांचं मागणं मिळालं नाही ते मागच्या सतरंजीवर गप्प बसून असतात आणि त्यांना वाटतं आपल्यातच काही खोट आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आणि त्याच परिच्छेदात विश्वासानेच करवतीखाली गेलेलेही आहेत. दोघांनाही लेखक एकाच मापाने मोजतो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघ. जन्म १८५८ चा, गंगामूळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. मराठी घरातली मुलगी, कन्नडही जाणणारी. तरुण वयात दुष्काळाने आई, वडील आणि बहीण नेली. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. ख्रिस्ती झाल्यावर तरी सगळं सुरळीत झालं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांचा 'मुक्ती' आश्रम उभा राहिला. देव देईल असं म्हणत त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, मुलींच्या हातांना काम शिकवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ साली भाषांतर पुरं करून त्या स्वतः गेल्या. या बाईंना कुणी म्हणावं, की तुमचा विश्वास थोडा कमी पडला!

मोबाईलवरच्या त्या प्रवचनकाराबद्दलही विचारलंस. अमुक रक्कम 'बी' म्हणून पाठव, देव शंभरपट देईल. अजिबात पाठवू नकोस. आपण नवस बोलत नाही असं मोठ्या तोऱ्यात सांगतो आणि फोनवरून हा नवसच फेडत बसतो. नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याच्याकडून छदाम घेतला नाही. अलीशाचा चाकर गेहजी मागून पळत जाऊन घेऊन आला, त्याचं काय झालं ते वाच. दशांश द्यायचा तर कमाईतून दे, कर्ज काढून देऊ नकोस, आणि आईच्या औषधाला कात्री लावून तर नाहीच. परीक्षा रविवारी आली तर परीक्षेला जा. सकाळी घरी प्रार्थना करून निघ, हॉल तिकीट विसरू नकोस.

फाउंड्रीतलं काम सुटलं, तर घरी लपवू नकोस. त्याच दिवशी सांग, मला सांग, पाळकसाहेबांना सांग. आपली मुलं इथेच चुकतात: दुसऱ्यासाठी प्रार्थनेत गळा काढतील, पण स्वतःला गरज आहे हे ओठावर येत नाही. त्या विधवेकडे भाकर मागताना एलीयाचा मान गेला नाही. तू मागितलंस तर कुणाला तरी देण्याची संधी मिळेल, हेही देवाच्या काळजीतलंच आहे. पुण्याला किंवा गोव्याला भावाकडे जावं लागलं तर तेही जा. जाताना तिथल्या मंडळीसाठी पाळकसाहेबांची चिठ्ठी घेऊन जा, नव्या गावात एकटा राहू नकोस.

रोजचं मोठं काही ठरवू नकोस. सकाळी एक स्तोत्र वाच, मोठ्याने. मन लागलं नाही तरी वाच. स्तोत्रकर्तेही पुष्कळदा रागावलेले, थकलेले आहेत. 'किती काळ, हे परमेश्वरा' असं ते उघड विचारतात आणि देवाने ते शास्त्रातून काढून टाकलेलं नाही.

अर्जाची शेवटची तारीख कळव, फोटो आणि जातीचा दाखला आधीच स्कॅन करून ठेव, सर्व्हर शेवटच्या दिवशी हटकून बसतो. आणि बुधवारी तुला कामाची पाळी नसेल तर सकाळी बेळगावला ये. मंडळीतल्या एका आजींना सिव्हिलमध्ये डोळे दाखवायला न्यायचंय, माझे गुडघे आता तेवढ्या रांगेला उभे राहत नाहीत. आजींना कानडीशिवाय दुसरं काही येत नाही, आणि त्या बोलायला लागल्या की थांबत नाहीत. तुझा पेपरचा सराव होऊन जाईल. डबा मी देते.

आईबाबांना सलाम सांग.

तुझ्या,
बाई