१४३ लेक्चर आणि मोसंबीची पिशवी

प्रिय 'बॅकलॉगवाली',

तू सही अशीच केली आहेस, म्हणून तूर्त हेच नाव.

बारावीनंतर 'नीट'साठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, एक वर्ष ड्रॉप घेतलास. मैत्रीण लातूरला गेली. तिथली क्लासची फी, रूम आणि मेस घरच्यांना झेपणार नव्हती, म्हणून तू ऑनलाइन बॅच लावलीस. आता १४३ लेक्चर पेंडिंग आहेत. पिकअप चालवून दमून आलेले बाबा रोज विचारतात, "किती झालं आज?" आणि तू म्हणतेस, "तीन." पोरगी दिवसभर खपतेय म्हणून ते मोसंबी आणतात. ती तुझ्या घशाखाली उतरत नाही. रात्री तीनपर्यंत डोळा लागत नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी, समासात, बारीक अक्षरात लिहिलंयस, "कधीकधी वाटतं, सगळं एकदाचं थांबावं."

आधी त्या समासातल्या ओळीचं बोलू. थांबावं म्हणजे अभ्यास, की जगणंच? मी सरळ विचारतेय, तूही स्वतःला सरळ विचार. जगणंच, असं उत्तर आलं तर हे पत्र इथेच ठेव आणि आईला उठव. "मला भीती वाटतेय, माझ्याजवळ बस," एवढं म्हटलंस तरी पुरे. आणि १४४१६ लाव. ही टेलिमानस नावाची, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे. पैसे पडत नाहीत, रात्री तीनलाही कुणीतरी फोन उचलतं, मराठीत बोलता येतं. उत्तर 'अभ्यास' असं असलं, तरी महिना महिना झोप नसणं हा आळस नव्हे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे एकदा दाखव. ताप आल्यावर जातो तसंच जायचं.

आता लेक्चर. सर विचारतात, "समजलं का? चॅटमध्ये येस टाका," आणि तू काहीही न समजता 'येस' टाकतेस, कारण इतरांचे येस धडाधड वर सरकत असतात, असं तू लिहिलंयस. हे वाचून मी थांबलेच. वर्गात तुझा चेहरा बघून मास्तरांनी पुन्हा फळा पुसला असता. निदान शेजारची कुजबुजली असती, "मलापण नाही कळलं गं." मोबाइलवर शेजारीण नसते. (त्या शेकडो येसवाल्यांत तुझ्यासारख्या किती असतील, कोण जाणे!)

मी स्वतः बी.ए. केलं ते मुक्त विद्यापीठातून, नोकरी सांभाळून. पुस्तकं घरी होती, वाचता येत होतं, तरी रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचे. खरं सांगू? तिथे शिकवायचे त्यापेक्षा, आपल्यासारखीच अडलेली वीस माणसं दिसायची, याचाच आधार जास्त होता. तुझ्या बॅचमध्ये तो रविवारच नाही. त्यामुळे "माझ्यात जिद्द नाही" हा तुझा निष्कर्ष मला काही पटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, एकाच मोबाइलवर क्लास, रील्स आणि लातूरच्या मैत्रिणीचे स्टेटस, हे सगळं सांभाळून कुणाची जिद्द टिकते ते मला दाखव.

ती १४३ लेक्चर टू एक्सवर पळवून संपवायचा विचार सोड. बॅकलॉग भरायचाच नाही, तो बुडीत खात्यात टाक. आजचं लेक्चर आजच बघ, जुन्यातलं फक्त जिथे प्रश्न अडेल तेवढंच. ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे आहेत आणि त्यासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं मोबाइल बंद ठेवून वाचता येतात. सकाळचे दोन तास त्यांना दे. फिजिक्सचं मी सांगू नये, मला दहावीला त्यात कसेबसे पस्तीस पडले होते.

तालुक्याला अभ्यासिका असेलच. एमपीएससीवाली पोरं बसतात ती. महिन्याची फी क्लासच्या मानाने किरकोळ असते. तिथे जाऊन बस. कुणाशी बोलली नाहीस तरी चालेल, बाजूला कुणीतरी पानं उलटतंय एवढं कानावर पडू दे. आणि रात्री मोबाइल आईच्या उशाशी.

राहिले बाबा. तुला वाटतंय, खरं सांगितलं तर ते मोडून पडतील. मला वाटतं, तुला १४३ लेक्चरपेक्षा ते रोजचं 'तीन' जड झालंय. मोठं भाषण नको. ते जेवून अंगणात बसले की शेजारी जा आणि म्हण, "बाबा, मी रोज तीन सांगते ते खोटं आहे. मी मागे पडलेय आणि मला झोप लागत नाही." ते चिडतील कदाचित, पैशाचंही काढतील. काढू देत. त्या रात्री वाद घालू नकोस, दुसऱ्या दिवशी आईला मध्ये घे आणि दवाखान्याचं नि अभ्यासिकेचं बोल.

जानेवारीत कशी आहेस ते कळव. मार्क नकोत मला, झोप लागते का ते लिही.

तुझी,
ताई