टाकाऊ खनिज-गाळातून धातू मिळवताना पहिली पावले

खनिजातून धातू काढून उरलेल्या गाळातून आम्लाने आणखी धातू मिळवण्याचा आपला उत्साह स्तुत्य आहे. मात्र आम्ल हाती घेण्यापूर्वी नमुना नीट घ्या, कारण गाळाच्या ढिगात धातूचे प्रमाण थरागणिक बदलते आणि वरवरच्या एका मुठीवरून काढलेला निष्कर्ष हमखास फसवतो. नवशिक्यांची दुसरी चूक खनिज न ओळखण्याची: तांब्याची ऑक्साइड खनिजे विरल सल्फ्युरिक आम्लात सहज विरघळतात, चॅल्कोपायराइट (तांबे, लोह आणि गंधक यांचे खनिज) मात्र सहजी दाद देत नाही, आणि गाळात चुनखडी असल्यास तीच बरेचसे आम्ल फस्त करते. सोने विरघळवण्यासाठी वापरतात त्या सायनाइडच्या वाटेला तूर्त जाऊच नका. सायनाइडच्या द्रावणाचा सामू (pH) 10 च्या खाली घसरला की प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटू लागतो. आम्लाच्या प्रत्येक चाचणीत द्रावण आणि उरलेला गाळ, दोन्हींतील धातू मोजा. जैविक निक्षालनाचे, म्हणजे सूक्ष्मजीवांकरवी धातू विरघळवण्याचे, नंतर पाहू.