फवारा मारूनही मावा परत येतो, तेही डबल. काहून?

प्रश्न: सर, आमच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) मावा ही रस पिणारी बारीक कीड दिसली म्हणून फवारा मारला, चार दिवस बरं वाटलं अन मग आधीपेक्षा डबल मावा आला. कृषी केंद्रवाले म्हणतात यापेक्षा जहाल देतो. पोरीच्या पुस्तकात गवत-नाकतोडा-बेडूक-साप-घार अशी अन्नसाखळी आहे, मग आमच्या वावरात मावा खाणारं कोणीच नाही काय?
– एक शेतकरी ताई, राळेगाव तालुका

उत्तर: आहेत ना ताई, चिक्कार आहेत, पण तुमच्या फवाऱ्यात माव्यासोबत तेही मेले. आता माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लंच टाकते अन ते पिल्लू आठ-दहा दिवसात स्वतः पिल्लं टाकायला लागते. ढालकिड्याला, म्हणजे लेडीबर्डला, अंड्यापासून किडा व्हायला तीन-चार आठवडे जातात, त्यात वावरात मावाच नसेल तर तो येऊन खाईल काय? खाणारे तसेही कमीच असतात, कारण एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते, बाकीची जगण्यातच खर्च होते. वोल्तेरा नावाच्या इटालियन गणितज्ञानं 1926 मध्ये समुद्रातल्या माशांवरून हेच गणित मांडलं होतं: खाणारा अन खाल्ला जाणारा, दोघांनाही सारखंच मारत राहिलं तर वाढतो तो ज्याला खाल्लं जातं तो.

पुस्तकातली साखळी सरळ रेषेत असते, वावरात मात्र सगळं जाळं. मावा रस पितो अन गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि ढालकिडा जवळ आला की त्याला हाकलतात, म्हणजे मुंग्या माव्याच्या राखणदारच झाल्या. त्याच चिकट्यावर काळी बुरशीही चढते.

सकाळी पान उलटून बघा. काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी अळी दिसली तर ती ढालकिड्याची. लोक कीड समजून हिलाच चिरडतात राजेहो! बारीक धाग्याच्या टोकावर पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या किड्याचं. काही मावे फुगून तपकिरी, कडक झालेले असतात, त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू असतं, अन अशा माव्याला गोल भोक दिसलं तर ती माशी बाहेर पडून दुसरे मावे शोधायला गेलेली आहे.

जहाल औषधाचं म्हणाल तर सध्या नकोच, खासकरून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं तर पऱ्हाटीवर मावा अन पांढरी माशी वाढवण्यासाठीच बदनाम आहेत. आधी मोजा. सरासरी पानामागे 10 मावे होईपर्यंत थांबायचं, अन त्यावर गेले तरी मित्रकिडे दिसत असतील तर 5 टक्के निंबोळी अर्कावर भागवा. पुढच्या वर्षी धुऱ्याला (बांधाला) चवळी लावा, चवळीवर तिचा वेगळा काळा मावा लवकर येतो, त्यावर ढालकिडे पोसतात अन मग पऱ्हाटीत उतरतात.