वेल्डिंग मशीन जरूर घ्या, पण पाटल्यांवर नको

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय 38, आयटीआय फिटर, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरी, हातात 28 हजार. घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथं रविवारी खिडक्यांची ग्रिलं, गेट असली कामं करायचा विचार आहे. विचारतात, साडेआठ हजारांचं साधं इन्व्हर्टर मशीन घेऊ की 38 हजारांचं, ज्यात मिगसुद्धा (तार आणि गॅसवरचं वेल्डिंग) होतं? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘पुढच्या महिन्यात पॉलिसीचा 48 हजारांचा चौथा हप्ता आहे. मागच्या दोन हप्त्यांसाठी मंडळींच्या पाटल्या सोसायटीत ठेवल्यात, तेच सोनेतारण वाढवून हप्ता आणि मशीन दोन्ही भागवावं म्हणतो.’

मशीनचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. ग्रिल-गेटला 16-18 गेजचा चौकोनी पाईप लागतो. त्याला बारा नंबरची वेल्डिंग रॉड आणि 70 ते 90 अँप पुरतात. मिगला गॅसचं सिलिंडर लागतं आणि उघड्या शेडमध्ये वाऱ्यानं तो गॅस उडून जातो. गंजक्या लोखंडावर तर रॉडच बरी. तेव्हा साधं मशीनच घ्या. पण खोक्यावरच्या ‘200 अँप’वर जाऊ नका, ड्युटी सायकल वाचा. 60 टक्के म्हणजे त्या अँपवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. बेळगावात दुरुस्ती होते अशाच कंपनीचं घ्या आणि दुकानातच दोन रॉड जाळून बघा. तुमच्याकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. ओल धरलेली रॉड चिकटते, तडतडते आणि टाक्यात भोकं पडतात. रॉडींना घट्ट झाकणाचा डबा करा आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून होल्डर हातात घेऊ नका.

साडेआठ हजारांत काम सुरू होत नाही, हेही धरा. डोळ्यांसाठी चांगली काळी काच, चामडी हातमोजे, ग्राइंडर, मीटरपासून शेडपर्यंत 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग. एकूण 16 हजार धरा. 100 अँपवर मशीन साधारण 3 किलोवॅट ओढतं, म्हणून घराचा मंजूर लोड किती आहे ते हेस्कॉमच्या वीजबिलावर बघा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत तुमच्या 2022-23 च्या सरासरीवर थोडी जादा एवढीच वीज फुकट असते. वरचे युनिट भरावे लागतात आणि महिन्याला 200 ओलांडले तर सगळंच बिल. घरच्या मीटरवर गिऱ्हाइकांची कामं केलेली सापडली, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. सुरुवात स्वतःच्या घरच्या कामांपासून करा. धंदा जमला की तसा मीटर घ्या.

तुम्ही लिहिलंय, महिन्याला 15 हजार सुटतील. कसे सुटतील? मजुरी किलोला 30 रुपये धरू, 20 किलोच्या ग्रिलचे 600. रविवारी दोन ग्रिलं केली तर 1,200. रॉड, डिस्क, प्रायमर, वीज यांचे 300 गेले, राहिले 900. लग्नं, जत्रा, पाहुणे सोडून महिन्यात तीन रविवार हाती लागले तर 2,700 रुपये. 2,700 वाईट नाहीत, पण 15 हजारांच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. तुमचं खरं दुखणं तिथं आहे.

पॉलिसी 15 हप्त्यांची, पैसे 20 वर्षांनी, विमा 5 लाखांचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत माहितीपत्रकाच्या मागे एजंटनं निळ्या पेनानं ‘14 लाख, एफडीसारखं’ असं लिहून दिलंय. त्याच पत्रकाच्या पुढच्या बाजूला 4 टक्के आणि 8 टक्के परतावा धरून काढलेले असे दोन रकाने असतात. त्यानं तुम्हाला वरचा आकडा दाखवला, खालचा दाखवला नाही. बरं, 14 लाखच धरू. तुम्ही भरणार 7 लाख 20 हजार. प्रत्येक हप्ता सरासरी 13 वर्षं तिकडे राहणार आणि दुप्पट होणार. पैसे दुप्पट होण्याचा ढोबळ हिशेब असा: 72 ला वर्षांनी, म्हणजे 13 नं भागा, परतावा साडेपाच टक्के. सोसायटीचं व्याज 14 टक्के. साडेपाच मिळवण्यासाठी चौदा देताय, तेही घरातलं सोनं ठेवून! तारणाचे 1 लाख 10 हजार आजच आहेत. त्यात 48 आणि 38 घातले की जवळपास 2 लाख. वर्षाचं व्याज 28 हजार, म्हणजे तुमचा एक आख्खा पगार. एजंट नात्यातला आहे, हे मला समजतं. पण नात्यातल्या माणसानं पगार विचारून हप्ता ठरवायला हवा होता, त्याचा मला राग येतो.

आणि एवढं भरून विमा किती? 5 लाख. तुमच्या दीड वर्षाच्या पगाराएवढा. घरात दोन मुलं आणि आई आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात बँकेत जाऊन वर्षाला 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा या सरकारी विमा योजना घ्या. दोन्हींत 2-2 लाखांचं संरक्षण आहे, सुरक्षेचं अपघातापुरतं. मग 60 वर्षांपर्यंतचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), 40 लाखांचा. तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण दहा-बारा हजार. तो हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा, आधी नाही.

मग शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर 20 वर्षांनी किती. तीन हप्त्यांवर किमान 35 टक्के, म्हणजे 50 हजारांच्या आसपास मिळायला हवेत. कंपनी स्वतः काढते ते विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त असू शकतं. पेड-अप ठेवली तर विमा पंधरापैकी तीन हिश्श्यांचा, 1 लाखाचा राहील, वर जमलेला बोनस. मी सरेंडरच करीन, कारण ते 50-60 हजार तारणात भरले की वर्षाचं 7-8 हजार व्याज तिथल्या तिथं वाचतं. 1 लाख 44 हजारांतले 85-95 हजार गेले, याचं वाईट वाटेल. पण ते वसूल व्हावेत म्हणून आणखी बारा हप्ते भरणं मला पटत नाही.

राहिलेलं तारण बँकेत हलवता येतं का बघा. 9-10 टक्क्यांत मिळालं तरी मोठा फरक पडतो. हप्त्याला महिन्याचे 4 हजार लागले असते, तेवढे आता पगारातून काढा. त्यातले हजार टर्मसाठी बाजूला, उरलेले तारणात. दिवाळीचा बोनस येईल त्यातून मशीन रोखीनं घ्या.

चौथ्या हप्त्याची तारीख उलटली म्हणून घाबरू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्मचा अर्ज आणि तपासणी होऊ शकते. एजंट घरी येईल, पैसे मागेल. लेखी आकडे हातात येईपर्यंत चेक देऊ नका. पाटल्या चार तोळ्यांच्या लिहिल्यात. सोसायटीच्या पावतीवर निव्वळ वजन किती टाकलंय ते आजच वहिनींसोबत बसून वाचा, सोडवायच्या दिवशी काउंटरवर तेवढंच वजन ताडून घ्यायचंय.